निवृत्तीनंतर गावी यावे का?

"डॉक्टर, डोंबिवली पुरे झाली. सावंतवाडीत येऊन राहू का?" सहा वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी विचारले. मी लगेच "या" म्हटले.

ते आले. गर्दी-गोंगाट सुटला, मोती तलावाभोवती रोजची फेरी सुरू झाली. वर्षभरात रक्तातील साखर आटोक्यात आली, एक गोळी कमी झाली.

तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वहिनींचा उजवा हात लुळा पडला, बोलणे अडखळले. 'डॉक्टरांची झोपमोड नको, सकाळी बघू' म्हणून दोघे थांबली. सकाळी येथून बांबोळीला, गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचायला आणखी दोन तास गेले. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ती वेळ टळली होती. वहिनी वाचल्या, हात मात्र अधूच राहिला.

दोष गावाचा नव्हे. "या" म्हणताना मी हे अंतर सांगितले नाही, ही चूक माझी. परत जाण्याचे विचारले तर वहिनीच नको म्हणतात.

म्हणून वाचकहो, गावी जरूर या. पण घर घेण्यापूर्वी एवढे पाहा. रात्रीही सी.टी. स्कॅन आणि हृदयविकारावर उपचार मिळतील असे रुग्णालय किती तासांवर आहे? नेहमीची औषधे येथे मिळतात का? अपरात्री गाडी काढील असा शेजारी कोण? रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक दोघांनाही पाठ हवा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांची झोप खुशाल मोडा.