काळं कुंकू, करडे निहंग

जुन्या फोटोत पणजीचं कुंकू काळंकुट्ट का दिसतं? दोष कुंकवाचा नाही, कॅमेऱ्यातल्या प्लेटचा. त्या काळच्या प्लेटला निळा रंग लख्ख दिसे, लाल मात्र अजिबात नाही. पिवळ्याचीही बोंबच, म्हणजे उजळायला लावलेली हळद फोटोत नवरीला सावळी करून सोडणार! निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही अशाच प्लेटांवर नाव कमावलं. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाकडेच होता.

डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तो याच आंधळेपणाच्या कृपेने. कृष्णधवल कागदाला लाल दिसत नाही. रंगीत कागदाला सगळंच दिसतं, म्हणून तिथे जवळपास मिट्ट काळोख.

पुढे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तरी नांदेडात तिचीही फजिती होते. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची दसऱ्याची हल्लाबोल मिरवणूक घ्या. निहंग शीख योद्ध्यांचा निळा बाणा, वर केशरी निशाण, आणि फोटोत बऱ्याचदा दोन्ही सारखेच करडे. लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवला की केशरी उजळतं, निळं गडद होतं. पण मला विचाराल तर तिथे मुकाट रंगीत रोल घाला. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईतही रंगीतच. बांगड्यांचं दुकान करड्यात टिपून काय मिळणार? कृष्णधवल राखून ठेवा देगलूरजवळच्या होट्टलसाठी. सिद्धेश्वर मंदिराच्या चालुक्यकालीन शिल्पांवर तिरकं ऊन पडलं की रंग आठवतही नाही.

रोल घरी धुणार असाल तर मात्र ऋतू बघा. कृष्णधवलला साधारण २० अंशांचं पाणी लागतं, रंगीतला ३७.८. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पहिल्यासाठी बर्फ आणावा लागतो. दुसऱ्यासाठी टाकीतलं पाणी आयतंच तापलेलं असतं.

आणि एक गुपित: रंगीत रोलमध्येही प्रकाश पकडते ती चांदीच. धुताना रंग तयार होतात आणि चांदी काढून टाकली जाते. इलफर्डचा एक्सपी२ रोल तर आणखी बिलंदर. चित्र कृष्णधवल, पण धुवायचा रंगीतच्या रसायनात. तेव्हा कलर लॅबवाल्याने निगेटिव्ह हातात देताना "दादा, रोल खराब निघाला, रंगच आला नाही" म्हटलं, तर त्याच्याशी भांडू नका.