कण्याच्या आत पाहणारा चष्मा

गादीवर दिवसभर बैठक मारून वह्या पाहणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांस पाठदुखीची ओळख करून द्यावयास नको. बहुतेक दुखणी व्यायामाने व औषधोपचाराने आटोक्यात येतात. क्वचित मात्र मणके स्क्रूंनी एकत्र जोडावे लागतात. हा स्क्रू हाडाच्या ज्या अरुंद वाटेने जातो, तिच्या अगदी लगत मज्जारज्जू व त्याचे तंतू असतात. काही मिलिमीटरांची चूक झाली, तरी पाय लुळा पडण्याचे भय असते.

कण्याच्या अंतर्भागाचे चित्र यंत्रे पूर्वीही दाखवीत, पण ते बाजूच्या पडद्यावर. त्यामुळे शस्त्रवैद्याची नजर जखम व पडदा यांत सारखी हेलपाटे घाली. ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चष्म्यात सी.टी. स्कॅनवरून सिद्ध झालेली कण्याची आकृती रोग्याच्या पाठीवरच उमटलेली दिसते. इस्राएलमध्ये जन्मलेल्या अशा एका यंत्रास अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली, आणि ८ जून २०२० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. टिमोथी विदॅम यांनी तो चष्मा लावून एका रुग्णाच्या कण्यात सहा स्क्रू बसविले.

तथापि कण्यास जोडलेली खूण धक्क्याने हलली, तर चित्रही सरकते, आणि चष्मा ती चुकीची जागाच खरी म्हणून दाखवितो. तराजूचा पासंग ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याहून अधिक सांगणे नलगे. अशा शस्त्रक्रियेचा प्रसंग घरी आल्यास चष्म्याची चौकशी मागाहून करावी. शस्त्रवैद्याने आजवर असे किती कणे हाताळले आणि स्क्रू बसविल्यावर क्ष-किरणांनी पुन्हा पडताळा घेतला जातो काय, हे आधी निःसंकोचपणे विचारावे, असे आम्हांस वाटते.