भर समुद्रात संकटाची वर्दी देणारे रेडिओ यंत्र

रानात चुकलेले जनावर गळ्यातील घंटेच्या आवाजावरून सापडते. भर समुद्रात संकटात सापडलेल्या नौकेचा ठावठिकाणा कळविणारी अशीच घंटा म्हणजे संकटसूचक रेडिओ यंत्र होय.

जव्हार व मोखाडा हे डोंगरी तालुके समुद्रापासून दूर असले, तरी ही माहिती तेथे अप्रस्तुत नाही. भात, नागली व वरई यांची कापणी आटोपली की तेथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. पालघर जिल्ह्यातच सातपाटी, डहाणू, अर्नाळा ही मासेमारीची ठिकाणे आहेत. पूर्वी समुद्र न पाहिलेला माणूस खलाशी म्हणून नौकेवर चढत असेल, तर त्याला ह्या यंत्राची ओळख असणे विशेष अगत्याचे आहे.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइल फोन चालत नाही. बंद पडलेली नौका वारा व प्रवाह यांबरोबर वाहत जाते. जितका उशीर होतो, तितके शोधाचे क्षेत्र वाढत जाते. म्हणून संकटाची वर्दी ताबडतोब व नेमक्या जागेसह पोहोचणे आवश्यक असते.

मासेमारी नौकांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रो) असे यंत्र तयार केले असून ते २०१० पासून वापरात आहे. कळ दाबताच नौकेची ओळख व जागा उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राकडे जाते. तेथून ती तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्रास कळविली जाते. संदेश पोहोचल्याची पोच नौकेवर मिळण्याची सोय जुन्या यंत्रात नव्हती. २०२४ साली आलेल्या सुधारित यंत्रात ती आहे. पोच मिळाल्याने खलाशांचा धीर टिकतो.

मोठ्या जहाजांवरील यंत्र ४०६ मेगाहर्ट्‌झ लहरींवर चालते. जहाज बुडाल्यास ते पाण्याच्या दाबाने आपोआप सुटून वर तरंगते व संदेश देऊ लागते. जीवरक्षक तराफ्यासाठी आणखी एक यंत्र असते. शोध घेणाऱ्या जहाजाच्या रडारवर ते बारा ठिपक्यांची रांग उमटविते. त्या रांगेवरून तराफ्याची दिशा कळते.

खलाशाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नौकेवर चढताच यंत्र कोठे आहे व कसे चालवावे, हे तांडेलास विचारावे.

२. यंत्र जाळ्यांखाली किंवा सामानाखाली ठेवू नये.

३. प्राणसंकट असेल तरच कळ दाबावी. चुकून दाबली गेल्यास तटरक्षक दलास तत्काळ कळवावे. दलाचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे.

४. संदेश दिल्यावर शक्य तोवर नौका सोडू नये व सर्वांनी एकत्र राहावे.

यंत्र असले तरी जीवरक्षक जाकीट अंगावर हवेच. यंत्र वर्दी देते. मदत येईपर्यंत माणसाला पाण्यावर तरंगत ठेवते ते जाकीट. ग्रामसेवकांनी मजूर गाव सोडण्यापूर्वी ही माहिती पाड्यापाड्यांवर समजावून सांगावी. तसेच कोण कोणत्या बंदरावर व कोणत्या नौकेवर गेला, याची नोंद घरच्या माणसांनी ठेवावी.