झोपूनही न उतरणारा थकवा

माढा तालुक्यातलं मोडनिंब हे पुणे–सोलापूर महामार्गावरचं गाव. दुकानदार असो, शिक्षिका असो, आशाताई असो की गाळप हंगामातला ऊसवाहतूकदार, इथं अनेकांचा दिवस लांबतच जातो. असा ताण महिनोन्‌महिने साचला की ‘बर्नआउट’ होतो.

● नाव : १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी हे नाव वापरून या अवस्थेवर लेख लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’मध्ये तिची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे.

● तीन खुणा : अंगातलं बळ सरणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, ‘माझ्या हातून काही नीट होत नाही’ ही भावना.

● सावरताना : झोपेची वेळ ठरवा. आठवड्यातला एक दिवस, निदान एक वेळ, कामापासून मोकळी ठेवा. घरातली कामं वाटून घ्या. कामाचा बोजा कमी करण्याबद्दल वरिष्ठांशी बोला; मूळ कारण तसंच राहिलं, तर नुसती सुट्टी पुरत नाही.

● मदत : उदासी हटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो.

थकणं हा गुन्हा नाही. वेळीच सांगणं हीच सावरण्याची सुरुवात.