राहून गेलेली दुर्बीण

बालपणीच्या काही इच्छा परिस्थितीमुळे मागे पडतात. विझत मात्र नाहीत. इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील गृहस्थांची अशी एक इच्छा १९८६ सालची होती. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून अकरा वर्षांच्या त्या मुलाने वडिलांपाशी दुर्बीण मागितली. शाळेची फी, घरभाडे आणि किराणा यांतून मेळ घालणाऱ्या वडिलांनी नकार दिला. ९ फेब्रुवारीस धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या दुसऱ्या बाजूस होती. पुढे मार्चमध्ये पहाटे गच्चीवर जागून मुलास दिसला तो दक्षिणेकडचा एक अंधूक डाग. दुर्बीण असती तर, ही हळहळ तेव्हापासूनची. हॅले पुन्हा येणार तो २०६१ साली.

पन्नाशीत, गृहकर्जाचा अखेरचा हप्ता फिटल्यावर, त्यांनी प्रथम साठ मिलिमीटर भिंगाची एक दुर्बीण मागविली. खोक्यावर ‘पाचशे पट’ असे ठळक छापलेले होते. भिंगाचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर, इतका तो सरळ भागाकार. आकडा हवा तेवढा फुगविता येतो. परंतु उपयोगी विशालन व्यासाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे दुपटीपर्यंतच असते, म्हणजे येथे एकशे वीस पट. त्यापुढे चित्र मोठे होते, स्पष्ट नव्हे. व्याजदराच्या जाहिरातीतील बारीक अक्षर वाचणाऱ्यांनी हेही वाचावयास हवे होते! त्यातून तिपाई इतकी लटपटती, की श्वास लागला तरी चंद्र दृष्टिक्षेत्राबाहेर जाई.

ती परत पाठवून त्यांनी सहा इंची आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण घेतली. पंचवीस मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ४८ पट, दहाच्या नेत्रिकेतून १२० पट. चंद्रावरील विवरांच्या कडा आणि गुरूचे चार चंद्र तिच्यातून सुरेख दिसतात. अशी खरेदी करण्याआधी एखाद्या हौशी मंडळात दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घेणे शहाणपणाचे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून कार्यरत आहे.

आकाश मात्र बदललेले होते. ज्या गच्चीवरून पूर्वी आकाशगंगा दिसे, तेथे आता दिव्यांचा पिवळट उजेड. शिवाय अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत जेमतेम पाच. तेजोमेघ पाहण्यासाठी पेंचसारख्या ठिकाणी जावे लागते. तेथील व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

शनी तेवढा शहराच्या उजेडालाही दाद देत नाही. परंतु येथेही हॅलेचीच गत! मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीच्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती. ही स्थिती सुमारे पंधरा वर्षांनी येते, आणि त्या शरद ऋतूत दुर्बीण लागली तेव्हा कडीची केवळ एक रेघ उरली होती.

वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वडील हात धरून जिना चढले. बराच वेळ नेत्रिकेला डोळा लावून ते म्हणाले, “सुपारीत सुई खुपसल्यासारखं दिसतंय. कडी कुठं आहे?”

“वर्षागणिक उघडत जाईल, नाना. तीन-चार वर्षांत छान दिसेल.”

“बरं. मग तोवर ही माळ्यावर टाकू नकोस,” म्हणून त्यांनी पुन्हा डोळा लावला.