समुद्र, वारा आणि विमानवाहू जहाजे (भाग ४) : वारा पडला ती पहाट

गेल्या आठवड्यात आपण डिसेंबर १९४४ मधले चक्रीवादळ पाहिले. अमेरिकी ॲडमिरल हॅल्सी यांच्या ताफ्यातल्या तीन विनाशिका त्यात बुडाल्या, सुमारे ७९० नौसैनिक गेले. आजची हकीकत नेमकी उलट आहे. इथे वारा नव्हता, म्हणून हल्लाच झाला नाही.

१ मे १९८२. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटले होते. अर्जेंटिनाच्या 'व्हेंतिसिंको दे मायो' या विमानवाहू जहाजावरून निघालेल्या ट्रॅकर विमानाला ब्रिटिश ताफ्याचा माग लागला. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्कायहॉक विमानांनी त्या ताफ्यावर बॉम्ब टाकायचे ठरले. हल्ला झाला असता, तर दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहू जहाजांची ती पहिली परस्परांशी लढत ठरली असती.

विमान हवेत तरंगते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे. जहाजावरची धावपट्टी तोकडी, म्हणून वाफेवर चालणारे कॅटापल्ट विमानाला पुढे भिरकावते. तेवढ्याने भागत नाही. जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवून पूर्ण वेगाने हाकतात. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या मदतीला येते. बॉम्ब आणि इंधनाने लादलेल्या स्कायहॉकला ही बेरीज सुमारे ४० नॉट हवी होती. जहाज जेमतेम २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास धावत होते. उरलेले वाऱ्याने द्यायचे.

आणि त्या पहाटे वारा पडला. फॉकलंड बेटे ५१ ते ५२ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत. तिथल्या पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन फारशी नाही, समुद्र बहुतेक खवळलेलाच असतो. अशा ठिकाणी वाऱ्याची वाट पाहावी लागेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नसणार. बॉम्ब कमी केले तर हल्ल्यात दम उरत नाही, इंधन कमी केले तर विमान परत येत नाही. हल्ला रद्द झाला.

सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. हे जहाज १९४५ साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेले, पुढे डच नौदलाने वापरलेले. यंत्रे थकलेली होती. आणखी चार-पाच नॉट वेग निघाला असता, तर वाऱ्याकडून तेवढे कमी मागावे लागले असते.

हल्ला रद्द झाला त्याच दिवशी दुपारनंतर 'काँकरर' या ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेल्ग्रानो' ही अर्जेंटिनाची क्रूझर बुडवली. ३२३ माणसे मेली. त्यानंतर विमानवाहू जहाज किनाऱ्याजवळ परतले आणि त्याची स्कायहॉक विमाने पुढे जमिनीवरच्या तळावरून लढली.

समोरच्या ब्रिटिश ताफ्यातल्या 'हर्मिस' या विमानवाहू नौकेला ही अडचण जवळजवळ नव्हती. पुढे उंचावलेल्या तिच्या डेकवरून सी हॅरियर विमाने निवांत हवेतही उडत. हीच 'हर्मिस' १९८७ मध्ये भारतीय नौदलात 'विराट' झाली आणि २०१७ पर्यंत सेवेत राहिली.

पुढच्या आठवड्यात १९७१ ची 'विक्रांत' : बॉयलरला तडा गेलेला, वेगावर मर्यादा आलेली आणि तरीही बंगालच्या उपसागरात उतरलेली. तिच्यावर तेव्हा काम केलेले कोणी तुमच्या घरात किंवा ओळखीत असतील, तर त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या आणि आम्हालाही कळवा.