एकास एक नातं: एक सभासद, एकच आरोग्य-नोंद

मागच्या भागात आपण एकास अनेक नातं पाहिलं: सभासद एक, त्याच्या वर्गणीच्या पावत्या अनेक. आजचं एकास एक नातं त्याहून सोपं वाटतं, आणि म्हणूनच त्यात चूक होते. माझीच चूक आधी सांगतो.

मंडळाच्या ज्येष्ठांच्या सहलीसाठी मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये दोन टेबलं केली होती. ‘सभासद’मध्ये नाव, पत्ता, फोन. ‘आरोग्य’मध्ये रक्तगट, औषधं, ॲलर्जी. निघायच्या आदल्या रात्री यादी छापली, तर एका काकूंचं नाव दोनदा. एका ओळीत पेनिसिलिनची ॲलर्जी ‘नाही’, दुसरीत ‘आहे’. फोन केला तेव्हा कळलं, ॲलर्जी आहे. कोणीतरी जुनी नोंद दुरुस्त करण्याऐवजी नवीच भरली होती. यादीत एकच, तीही जुनी ओळ आली असती तर?

दोष नोंद भरणाऱ्याचा नव्हता. दुसरी नोंद भरता येईल, असं टेबल मी बनवलं होतं.

ॲक्सेसमध्ये ‘एकास एक’ असं बटण नाही. तुम्ही जोडलेली फील्ड्स पाहून तोच नात्याचा प्रकार ठरवतो. ‘सभासद’मधला सभासद-क्रमांक प्रायमरी की होता, पण ‘आरोग्य’मधला क्रमांक साधं नंबर फील्ड होतं. त्यामुळे नातं जोडताना खिडकीत खाली ‘वन-टू-मेनी’ असं लिहून आलं होतं. मी ते वाचलंच नाही.

आता बरोबर पद्धत पाहू.

१. ‘सभासद’मध्ये सभासद-क्रमांक ऑटोनंबर आणि प्रायमरी की ठेवा.

२. ‘आरोग्य’मध्येही सभासद-क्रमांकच प्रायमरी की करा, पण त्याचा प्रकार नंबर, लाँग इंटिजर ठेवा. इथे ऑटोनंबर देऊ नका. दोन्हीकडे ऑटोनंबर दिला, तर दोन्ही टेबलं आपापली मोजणी करतात आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाते.

३. रिलेशनशिप्सच्या खिडकीत ‘सभासद’मधून ‘आरोग्य’कडे फील्ड ओढा. दिशा महत्त्वाची आहे: आधी सभासद, मग त्याचं आरोग्य. ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’वर खूण करा. खाली ‘वन-टू-वन’ दिसलं, तरच पुढे जा.

टेबलात आधीच दुबार नोंदी असतील तर ॲक्सेस हा बदल स्वीकारणार नाही. ‘फाइंड डुप्लिकेट्स’ क्वेरी विझार्डने त्या शोधा. कोणती खरी, हे मात्र संगणक सांगणार नाही. त्यासाठी माणसालाच विचारावं लागतं.

अजून एक खाच. यादीची क्वेरी नेहमीच्या जोडणीने केली, तर ज्यांची आरोग्य-नोंद नाही ते सभासद यादीतून गायब होतात. बसमध्ये माणूस असतो, यादीत नसतो. म्हणून जोडणीवर दोनदा क्लिक करून ‘सभासदमधल्या सर्व नोंदी’ हा पर्याय निवडा.

मग मूळ प्रश्न: दोन टेबलं हवीतच कशाला? बहुतेक वेळा नकोच. एका माणसाची एकच माहिती असेल तर ती एकाच टेबलात ठेवा. वेगळं टेबल तेव्हाच करा, जेव्हा ती माहिती थोड्याच लोकांची असते किंवा सगळ्यांनी पाहायची नसते. पण नुसतं टेबल वेगळं केल्याने गुप्तता येत नाही. ॲक्सेसमध्ये त्यासाठी ते टेबल वेगळ्या फाइलमध्ये, मोजक्या लोकांच्याच फोल्डरमध्ये ठेवावं लागतं. तसं केलं की दोन फाइलींमधल्या नात्यावर रेफरेन्शियल इंटिग्रिटी लावता येत नाही. प्रायमरी कीमुळे दुबार नोंद मात्र तरीही अडते.

डेटाव्हर्स वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे एकास एक हा प्रकारच नाही. लुकअप कॉलम घ्या आणि त्याच कॉलमवर अल्टरनेट की लावा.

थोडक्यात, ‘प्रत्येकाची एकच नोंद’ हा नियम स्वयंसेवकांच्या लक्षात राहील यावर सोडू नका. तो टेबलातच बसवा.

आजचा गृहपाठ: तुमच्या फाइलमधलं प्रत्येक नातं उघडा आणि खालची ओळ वाचा. पुढच्या भागात अनेकास अनेक नातं पाहू.